कौलं काढायची का?

आमच्या ह्यांना दगडाचं घर हवं होतं. मला नको होतं असं मी आता म्हणणार नाही. कुडाच्या झोपडीत दोन पावसाळे काढल्यावर कुठल्या बाईला दगडाचं घर नको असेल? अंथरुणात गांडुळं निघायची, पिठाच्या डब्याला बुरशी यायची. पण हट्ट त्यांचा होता. आणि त्यांचा हट्ट असा, की देवानं स्वतः येऊन समजावलं असतं तरी "प्रार्थना करून बघतो" म्हणाले असते.

देश स्वतंत्र झाल्यानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही दोघंही नगरकडचे, मिशनच्या वसतिगृहात वाढलेले. मी नर्सिंग शिकले होते, ते शिक्षक होते आणि प्रचारकही. मिशननं आम्हाला ठाणे जिल्ह्यात कातकऱ्यांच्या एका वाडीवर पाठवलं. दिव्याला उतरायचं. तेव्हा तिथं स्टेशन, मिठागरं आणि वारा याशिवाय काही नव्हतं. तिथून चालत शीळ, आणि शीळच्या पुढं डोंगराच्या अंगानं गाडीवाट. ती एका ओढ्यापाशी संपायची. ओढा ओलांडून चढण चढलं की वाडी. गावाकडचे लोक म्हणायचे, ठाणे म्हणजे मुंबईच की. मी हो म्हणायचे. कुणाकुणाला समजावत बसणार?

झोपडीत होतो तोवर माणसांची कमी नव्हती. सकाळी तोंड धुवायच्या आत कुणीतरी दारात बसलेलं असायचं. कुणाच्या पायात काटा मोडलेला, कुणाचं पोर तापानं फणफणलेलं. कोळशाच्या भट्टीवर भाजलेल्या बायका यायच्या, त्यांचे हात मी धुऊन बांधायचे. संध्याकाळी हे पेटी काढून भजन म्हणायला बसले की अर्धी वाडी आत आणि अर्धी दाराबाहेर. शब्द त्यांना कळत नसत, पण चाल उचलायचे. दिवाळीनंतर सगळी वाडी भट्ट्यांवर कामाला निघून जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. त्यामुळे आमची सुवार्ता पावसाळी होती, असं मी ह्यांना चिडवायचे. तरी तिसऱ्या वर्षी काही घरं बाप्तिस्म्याला तयार झाली होती. तेव्हा ह्यांनी ठरवलं, की आता देवाच्या कामाला पक्कं छप्पर पाहिजे.

मिशननं मान्यता दिली. दगड तिथलाच. मंगलोरी कौलं कल्याणहून बैलगाडीनं ओढ्यापर्यंत आली आणि तिथून वाडीतल्या बायकामाणसांनी डोक्यावरून वर नेली. चढताना त्यांच्यातली सुईण, एक म्हातारी, मधेच थांबून ह्यांना म्हणाली, "मास्तर, एवढा जड छप्पर कशाला? उतरवायचा झाला तर?"

"उतरवायचं कशाला?" हे म्हणाले. "शंभर वर्षं हलणार नाही."

म्हातारीला ती थट्टा वाटली. ती हसली, तिच्या मागच्या बायकाही हसल्या. ह्यांनाही बरं वाटलं, आपल्या बोलण्यावर लोक हसले म्हणून.

घर झालं. मागची खोली आमची. पुढची मोठी खोली रविवारी उपासनेची, एरवी दवाखान्याची. तिच्यात एक लोखंडी खाट, पांढरी चादर आणि औषधांचं कपाट. उद्‌घाटनाला ठाण्याहून पाद्रीसाहेब आले, फोटो काढला आणि तो परदेशी धाडला. त्या खाटेवर आम्ही ठेवलेलं पहिलं माणूस म्हणजे त्या म्हातारीची मुलगी.

बाळंत होऊन थोडेच दिवस झाले होते तिला, मूल भट्टीवरच गेलं होतं. भट्टीवरून येतानाच ताप घेऊन आली होती. म्हातारीनं आधी आपले पाले बांधून पाहिले, मग माझ्याकडे आली. मीच म्हटलं, आत आणून ठेव, इथं कोरडं आहे, मी लक्ष देईन. म्हातारीनं दारात उभं राहून ती खोली नीट न्याहाळली. वर कौलांकडेही बघितलं. मग पोरीला झोळीतून आणून खाटेवर ठेवलं. माझ्याकडच्या गोळ्या मी दिल्या. ताप उतरला नाही. एका भर दुपारी, म्हातारी तिच्या पायांचे तळवे चोळत असताना, ती गेली.

तिला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी म्हातारी आणि वाडीतले चारपाच बाप्ये आमच्या अंगणात आले. बरोबर बांबूची शिडी होती. हे बाहेर आले. त्यांना वाटलं, सांत्वनासाठी आलेत, आता दोन शब्द ऐकवावेत.

त्यातल्या एकानं विचारलं, "मास्तर, कौलां काढायची का?"

ह्यांना काही कळेना. मलाही कळलं नाही. मग त्या माणसानं सावकाश सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. त्यांच्या झोपडीत माणूस मेला की ते छप्पर उघडतात, चूल फोडतात आणि ती झोपडी सोडून चार पावलांवर दुसरी घालतात. कारवीच्या कुडाची झोपडी, वर पेंढा; दोन दिवसांचं काम. आमचं छप्पर जड आहे, आम्हा दोघांच्यानं उतरवलं जाणार नाही, म्हणून ते हात लावायला आले होते. कौलं फुटू देणार नाहीत, नीट रचून ठेवतील, असंही म्हणाले.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित बरं झालं असतं. त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि मरणावर प्रभूनं कसा विजय मिळवला ते सांगितलं. या घरात मरण राहू शकत नाही म्हणाले, ती मुलगी आता देवापाशी आहे म्हणाले. फार छान बोलले. इतकं छान मी त्यांना मिशनच्या मोठ्या सभेतही बोलताना ऐकलं नव्हतं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घर मेला मास्तर. मेल्या घरात ऱ्हाऊ नको." आणि ते शिडी घेऊन परत गेले.

त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही.

भांडण नव्हतं. तोंड फिरवणं नव्हतं. वाटेत भेटले की पूर्वीसारखंच बोलायचे, खेकडे मिळाले तर अंगणाच्या कडेला पानात ठेवून जायचे. औषधाला यायचे, पण अंगणातल्या उंबराच्या झाडाखाली थांबायचे. मी डबा घेऊन झाडाखाली जायचे. रविवारी हे पेटी काढून बसायचे आणि समोर मी. एका बाईनं मंडळी व्हायचं म्हणजे सोपं नाही. बसा म्हटलं की बसा, उभं राहा म्हटलं की उभं राहा, शिवाय गायचं पण मीच. एकदा प्रवचनात ते "बंधूंनो" म्हणाले तेव्हा मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. त्या दिवशी जेवले पण नाहीत. तेव्हा मला कळलं की हे त्यांच्या किती जिवाला लागलंय. बाप्तिस्म्याला तयार झालेली घरं मागं सरली होती. ही माणसं पुन्हा या घरात येतात की नाही, एवढ्यावर त्यांचा सगळा जन्म येऊन अडकला होता.

आणि म्हातारी रोज संध्याकाळी यायची. अंगणाच्या कडेला, कुंपणाच्या आत पण झाडाच्या अलीकडे नाही, अशी एक जागा तिनं धरली होती. दाराकडे तोंड करून गुडघ्यांत हात घालून बसायची. दिवे लागायच्या आत उठून जायची. मी सुरुवातीला तिला चहा नेऊन द्यायचे. ती प्यायची. एकदा मी विचारलं, "आजी, रोज इथं का बसता?"

"माझी पोर आत हाय नाय का," ती म्हणाली.

अगदी सहज म्हणाली. मग तिनं सांगितलं, की छप्पर उघडतात ते मेलेल्याला जायला वाट हवी म्हणून. चूल फोडतात ती भुकेनं परत येऊ नये म्हणून. "भ्यायचा काय त्यात? तिला वाट नको? तुमचा छप्पर लय जड. ती बारीक पोर, कशी उचलील?"

मी आत आले आणि ह्यांना म्हणाले, "अहो, चार कौलं काढा. पुन्हा बसवू हवं तर. त्या बाईसाठी."

"एक कौल काढलं तरी मी हो म्हटल्यासारखं होईल," ते म्हणाले.

"कशाला हो म्हटल्यासारखं?"

"की ती मुलगी प्रभूपाशी नाही, माझ्या आढ्याखाली अडकून पडली आहे."

आमचं भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं खरं भांडण. मी म्हटलं, तुम्हाला माणसं हवीत की कौलं? ते म्हणाले, मला सत्य हवं. मी भांडी घासायला घेतली आणि ती जरा जास्तच आपटली.

पाद्रीसाहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी खाटेवरच्या चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही!"

"कुणी येत नाही, घाण कोण करणार?" मी म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागच्या खोलीत चुलीपाशी गेले. पाद्रीसाहेबांनी धीर धरायला सांगितलं, देवाची वेळ वेगळी असते म्हणाले, आणि दुपारचं जेवून ऊन उतरल्यावर ठाण्याला गेले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात म्हातारीच्या सुनेचे दिवस भरले. श्रावण होता आणि पाऊस तीनचार दिवस थांबला नव्हता. म्हातारी सकाळीच मला बोलवायला आली. मी गेले तर मूल आडवं, झोपडीत वरून धार लागलेली, खाली चिखल. मी म्हटलं, हिला घरात नेऊ या, तिथं कोरडं आहे. बोलता बोलता माझं मलाच आठवलं, की हेच वाक्य मी पूर्वी एकदा बोलले होते.

म्हातारी म्हणाली, "एक आत ठेवली. दुसरी नाय ठेवायची."

शेवटी आमच्या अंगणातल्या उंबराखाली ताडपत्री धरायची ठरली, म्हणजे मला घरातून गरम पाणी आणता येईल. ताडपत्रीला चार कोपरे. तिघं वाडीतले बाप्ये पाठ फिरवून उभे राहिले. चौथ्या कोपऱ्याला कुणीतरी हवं होतं, तेव्हा हे घरातून बाहेर आले. बायकांच्या बाळंतपणाच्या आसपास फिरकायचं नाही असं त्यांचं वळण. पण येऊन त्यांनी कोपरा धरला, पाठ आमच्याकडे आणि तोंड पावसाकडे. सकाळपासून दुपार कलेपर्यंत ते तसेच उभे होते. ताडपत्रीवरचं पाणी त्यांच्याच बाजूनं, मानेवरून खाली जात होतं. मधे मी ओरडले, आत जा, दुसरा कुणी धरील. ते हलले नाहीत.

मूल मेलेलंच जन्माला आलं. सून वाचली. एवढंच हाती लागलं.

ह्यांना आधीच हिवताप पोखरत होता. त्या भिजण्यानं छाती भरली. माझ्याकडच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि ओढ्याला असा लोंढा होता, की झाडंच्या झाडं वाहत होती. वाडीतली माणसं डोली घेऊन आली, आपण ओढ्यापर्यंत तरी नेऊ म्हणाली. त्यांनी काठावर जाऊन पाहिलं आणि परत येऊन अंगणात उभी राहिली. मी खोलीत होते, मला दारातून त्यांचे पाय दिसत होते, उंबऱ्यापासून हातभर लांब.

मी त्यांना पुढच्या खोलीतल्या खाटेवर ठेवलं होतं, तिथं उजेड जास्त म्हणून. श्वासाला त्रास व्हायला लागल्यावर त्यांनी विचारलं, "बाहेर कोण बसलंय?"

"म्हातारी."

"आत बोलाव."

"ती येणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

जरा वेळानं मी धीर करून म्हटलं, "मी तुम्हाला अंगणात नेऊ का? ताडपत्री बांधते." ते काय ते समजले. माझ्यासारखीनं असं विचारावं याचं त्यांना वाईट वाटलं असणार, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"नको," म्हणाले. "इथंच. आपलं माणूस आत मरतं आणि आपण भीत नाही, हे त्यांना पाहू दे. तू इथंच राहा. हे घर सोडू नकोस."

मी हो म्हटलं. मरणाऱ्याला कोण नाही म्हणतं? पहाटे उजाडता उजाडता ते गेले.

ओढा उतरला नव्हता, तेव्हा पाद्रीसाहेब येण्याचा प्रश्नच नव्हता. वाडीतल्या माणसांनी त्यांच्या पुरायच्या जागेत खड्डा खणला. शवपेटी कुठली? मी त्यांना त्याच पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. दाराशी मी एकटीनं कसंबसं ओढत आणलं, उंबऱ्याबाहेर वाडीतल्या बाप्यांनी हातांवर घेतलं. प्रार्थना मीच केली. मधे मला शब्द आठवेनात. तेव्हा वाडीतल्या बायकांनी ती जुनी चाल धरली, झोपडीतल्या दिवसांतली. शब्द नाहीत, नुसती चाल.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. मी पडवीत बसले होते. अंगणात माणसं आली. तीच बांबूची शिडी होती. पुढं म्हातारी होती.

"बाय, कौलां काढायची का?" तिनं विचारलं.

मी नगरच्या मिशनमध्ये वाढलेली बाई. हे कुठं आहेत याविषयी माझ्या मनात तसूभर शंका नव्हती, आजही नाही. आणि तरी त्या क्षणी मला वाटलं, की माझा माणूस त्या छपराखाली उभा आहे, मानेवरून पाणी गळतंय आणि त्याला जायला वाट नाही. वाटलं ते वाटलं. त्यांना दिलेला शब्दही मला आठवत होता. तो अजून दोन दिवससुद्धा जुना झाला नव्हता.

मी म्हटलं, "काढा."

फार हळुवार काढली त्यांनी. दोघं वर, बाकीचे शिडीवर आणि खाली. हातातून हातात देत अंगणाच्या कडेला रचत होते. एकही फुटलं नाही. पुढच्या खोलीवरचं छप्पर उघडलं तसं ऊन खाली खाटेवर पडलं. म्हातारी अंगणातून वर बघत होती. मग ती उठली आणि इतक्या दिवसांनी आमचा उंबरा ओलांडून आत आली, थेट मागच्या खोलीत. तिथं माझी चूल होती, मी स्वतः मातीनं घडवलेली, दर आठवड्याला सारवलेली. तिनं पहारीनं ती फोडली. पहिला घाव बसला तेव्हा मी रडले. ते गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. म्हातारीनं पहार टाकली आणि मला धरून बाहेर आणलं. आम्ही दोघी अंगणात बसून मनसोक्त रडलो, ती तिच्या पोरीसाठी आणि मी ह्यांच्यासाठी. बाकीचे लोक काम करत राहिले.

तिसऱ्या दिवशी माझी झोपडी उभी होती, कुडाची, घरापासून चार पावलांवर. संध्याकाळी ती माणसांनी भरली. पूर्वीसारखीच अर्धी आत, अर्धी बाहेर. कुणाच्या पायाला काटा होता, कुणाला ताप होता. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोक्यात एवढंच येत होतं, की हे पाहायला ते हवे होते, आणि ते असते तर हे झालंच नसतं. म्हातारी त्यानंतर कधी अंगणाच्या कडेला येऊन बसली नाही.

ओढा उतरल्यावर पाद्रीसाहेब आले. उघड्या भिंती पाहून त्यांचा चेहरा पडला. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या माणसांनी," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावलं नाही. दिवाळीला वाडी भट्ट्यांवर गेली आणि मिशननं मला ठाण्याला मुलींच्या वसतिगृहावर बोलावून घेतलं. एकट्या बाईला जंगलात ठेवता येत नाही, असं कारण होतं. वाडीवर पुन्हा कुणाला पाठवलं नाही. मी एकदाच परत गेले, पुष्कळ वर्षांनी. भिंतींतून उंबर आणि पिंपळ फुटले होते. कौलं तशीच रचलेली होती, शेवाळलेली. वाडी डोंगरात आणखी आत सरकली होती.

ह्यांना दिलेला शब्द मी मोडला. वर भेट होईल तेव्हा ते पहिल्यांदा तेच विचारतील याची मला खात्री आहे, कारण विसरायचा त्यांचा स्वभाव नव्हता. काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता मी ठाण्यातच वर्तकनगरला राहते, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या बिऱ्हाडात गेल्या महिन्यात आजोबा वारले. आठवड्याच्या आत घराला रंग लागला आणि दुसरं कुटुंब राहायलाही आलं. माणसं चांगली आहेत. दुपारी झोप लागली नाही की मी पडल्या पडल्या वर बघते. पांढरा चुना आणि पंख्याचा आकडा. माझ्या डोक्यावर कौलं नाहीत, स्लॅब आहे, आणि स्लॅबवर तिसऱ्या मजल्यावरची माणसं राहतात. शिडी घेऊन विचारायला कुणी येणार नाही, आणि आलं तरी हा स्लॅब त्यांच्यानं उचलवणार नाही.